सेटअपराव

ऑफिसात त्याला सेटअपराव म्हणत, तेही तोंडावर. तो हसायचा. त्याला वाटायचं, हा मान आहे. चेष्टा आणि मान यांतला फरक कळायला माणसाने आयुष्यात एखादं काम शेवटापर्यंत नेलेलं असावं लागतं, आणि ती सवय त्याला नव्हती.

वय एक्केचाळीस, धंदा वेबसाइट बनवण्याचा. चौथ्या मजल्यावर, न उघडणाऱ्या खिडक्यांच्या एका लांबट खोलीत तीस-बत्तीस माणसं पडद्यांकडे तोंड करून बसत. त्यांतली बहुतेक कोड लिहीत. हा, कोड ज्यात लिहायचा तो एडिटर सजवी. एडिटर म्हणजे शेवटी एक वही. कोणी तिचा रंग बदलतं, अक्षर थोडं मोठं करतं आणि कामाला लागतं. पाच मिनिटांचा मामला. सेटअपरावाची त्यात सोळा वर्षं गेली होती.

त्याच्याकडे बासष्ट फॉन्ट होते. शून्याच्या पोटात टिंब असावं की तिरकी रेघ, यावर त्याची मतं होती, आणि ती तो डबा खाताना, लिफ्टमध्ये, हात धुताना सांगे. फोल्डरच्या बारक्या चित्रांचे त्याने चार संच जमवले होते. कर्सर लुकलुकावा की स्थिर राहावा, याचा निकाल लावायला त्याला एक अख्खा आठवडा लागला होता. निकाल असा: लुकलुकावा, पण हळू.

नवा प्रोजेक्ट सुरू करायचा म्हटलं की त्याच्या अंगात वारं शिरे. आधी फोल्डर, मग फोल्डरात फोल्डर. मग कोडच्या चुका शोधणारं एक साधन, कोड नीटनेटका मांडणारं दुसरं, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही म्हणून मध्यस्थी करणारं तिसरं. हे सगळं सुरळीत झालं की पहिलं पान उघडे आणि त्यावर ‘नमस्कार’ एवढा शब्द दिसे. त्याच्या यंत्रावर असे चौऱ्याण्णव प्रोजेक्ट होते. एकातही दुसरं पान नव्हतं. चौऱ्याण्णव दारांत उभं राहून नमस्कार करायचा आणि आत पाऊल न टाकता मागे फिरायचं, ही त्याची कारकीर्द.

मग त्याला ठेवला कशाला? कारण नवीन कोणी लागलं की त्याचं यंत्र लावून द्यायला हा बरा पडे. ते काम तो मन लावून करी. नवीन माणूस दोन दिवसांत कामाला लागे आणि हा परत आपल्या पडद्याला उटणं लावायला मोकळा.

घरी बायको होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे नळीवर नाव नसलं तर रक्त ओतून द्यावं लागतं आणि माणसाला पुन्हा सुई टोचावी लागते. त्यामुळे अर्धवट कामाबद्दल तिला शारीरिक तिटकारा होता, आणि नशिबाने तिची गाठ याच्याशी बांधली होती. घरात तिने ‘सेटअप’ हा शब्द टोमण्यासारखा वापरायला घेतला होता. मोरीतला नळ महिनाभर गळत होता. शेजारीण विचारायला आली, तर ही दारातूनच म्हणाली, “आमच्याकडे नळाचा सेटअप चालू आहे. पाणी नंतर बंद होईल.”

तो आतून म्हणाला, “वॉशर आणायचाय. कुठला ते बघतोय.”

“बघ, बघ,” ती म्हणाली, “त्याचाही रंग जुळायला हवा.”

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. स्वतःचा वेळ फुकट घालवणाऱ्या माणसाला जग एका मर्यादेपर्यंत सांभाळून घेतं, कारण त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. सेटअपरावाकडे त्याच्या ताईने मागितलं.

खरं म्हणजे तिने मागितलं नव्हतं, त्याने गळ्यात मारलं होतं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. मेंदूत रक्ताची गुठळी होऊन ज्यांची वाचा जाते, अशा माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवी. सावकाश काम. एका माणसाला ‘पाणी’ म्हणता यायला कधी सहा आठवडे लागत. तिचा वर्ग भरे वाचनालयाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती. आणि वाचा गेलेल्या माणसांपैकी निम्म्यांचा एक पायही गेलेला असतो. त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची चौघांनी धरून वर न्यावं लागे. ज्यांच्याकडे चौघं नसत ते येतच नसत. घरी बसून भिंतीकडे बघत.

त्या वर्षी तळमजल्यावरचा हॉल सकाळच्या वेळेपुरता मोकळा झाला. वाचनालयाच्या समितीने जाहीर केलं: जो गट चाळीस किंवा अधिक नावांची यादी देईल त्याला हॉल दोन वर्षं मिळेल. दोघांची मागणी असली तर जास्त गरजू कोण ते समिती ठरवेल. यादी महिनाअखेरच्या गुरुवारी, दुपारी चार वाजता. मागणी दोघांचीच होती. एक ताई, दुसरी एक व्यायामवर्ग चालवणारी बाई. गरजेत ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त चाळीस नावं हवी होती.

ताईने एक जाड वही आणली आणि आखायला घेतली. नाव, फोन, आजार कधी झाला, सोबत कोण येणार. नेमका त्या संध्याकाळी सेटअपराव तिच्याकडे चहाला गेला होता.

“वही?” तो म्हणाला. “ताई, वही? अगं, मी काय मेलोय का?”

“अरे चाळीस नावं तर लिहायचीत छोट्या.”

“आणि ती तू दारोदार जाऊन लिहिणार? मी पान बनवून देतो. फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, नाव जमा. माणसं घरबसल्या भरतील. तुला आयती यादी.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. भावाची कुवत तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण भावाने आपणहून काही देऊ करायची ही पहिलीच खेप होती, आणि अशा वेळी शहाणी बाईसुद्धा ढिली पडते. तिने वही मिटली.

“वीस दिवस आहेत हं,” ती म्हणाली.

“वीस दिवसांत दहा पानं होतील.”

पहिले तीन दिवस फोल्डरच्या नावात गेले. पुढचे पाच, कुठल्या साधनांनी पान बांधायचं ते ठरवण्यात. नाव, फोन आणि एक बटण, एवढ्या पानासाठी त्याने जी सामग्री यंत्रावर उतरवून घेतली तिच्यात विमानतळाचा कारभार चालला असता. नवव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की एडिटरची जुनी थीम, म्हणजे रंगसंगती, या कामाला शोभत नाही. काम गंभीर आहे. वाचा गेलेली माणसं. त्याने नवी थीम करायला घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘राख’.

‘राख’मध्ये अकरा करडे रंग होते. त्याने ओळींचे आकडे काढले. बाजूची पट्टी काढली, खालची पट्टी काढली. कर्सर ज्या ओळीवर असतो तिच्यामागचा फिका पट्टासुद्धा काढला. उरला एक करडा पडदा आणि त्यावर करडी अक्षरं, धुक्यात उभ्या केलेल्या खुर्च्यांसारखी. मागून जाणारे थांबून विचारत, “पडदा बिघडलाय का रे?” तो समाधानाने मान हलवी.

एकच गोष्ट त्याला सलत होती. कॉमेंट.

कॉमेंट म्हणजे कोडमध्ये माणसाने माणसासाठी लिहून ठेवलेली टीप. यंत्र ती वाचत नाही. इथे असं का केलंय, हे अजून राहिलंय, हे विसरू नकोस, असलं काहीबाही त्यात असतं. चांगला कारागीर ती आधी वाचतो. सेटअपरावाला ती खुपे, स्वतः लिहिलेलीसुद्धा. स्वच्छ कोडमध्ये मधेच कोणाचं तरी पुटपुटणं, असं तो म्हणे. त्याने कॉमेंटचा रंग फिका केला, मग आणखी फिका, आणि पंधराव्या दिवशी थेट पडद्याच्या पार्श्वभूमीचाच रंग दिला. कॉमेंट जागच्या जागी होत्या, पण दिसत नव्हत्या. जिथे त्या होत्या तिथे दोन ओळींत रिकामी जागा राही, आणि ती त्याला फार आवडली.

“कोडला श्वास घ्यायला जागा हवी,” तो बायकोला म्हणाला.

“आणि ताईंना हॉल हवाय,” ती म्हणाली. “झालं का पान?”

पान शेवटी त्याने दीड दिवसात उरकलं, कारण ते दीड दिवसाचंच होतं. पान दिसायला कसं होतं? पांढरं, काळ्या अक्षरांचं, समासही न सोडलेलं, एखाद्या बंद पडलेल्या कचेरीच्या दारावरच्या नोटिशीसारखं. सगळे रंग एडिटरात खर्च झाले होते. पण पान उघडे. नाव लिहिता येई, फोन लिहिता येई. बटण दाबलं की खाली उमटे: ‘धन्यवाद. आपली नोंद झाली आहे.’

ताईने पानाचा दुवा सगळीकडे पाठवला. बायका, मुलगे, सुना, भाऊ, सगळ्यांनी फोनवरून नावं भरली. कोणी कोणी ताईला कळवलंही. ताईला बरं वाटलं. दोन दिवसांनी तिने फोन केला.

“किती झाली रे छोट्या?”

“येतायत ताई. आत जमा होतायत.”

“मला बघता येतील का?”

“बघायचं पान वेगळं करावं लागतं. ते घेतोय. गुरुवारी सकाळी तुला छापूनच देतो ना यादी.”

“नक्की ना?”

“ताई, हे माझं कामच आहे.”

गुरुवारी सकाळी साडेअकराला, ऑफिसात, त्याने यादी काढायला घेतली. यादीत शून्य नावं होती. त्याने पुन्हा काढली. शून्य. त्या शून्याच्या पोटात त्याच्या आवडीचं टिंब होतं.

त्याने सर्व्हरला दोष दिला, मग नेटला, मग ब्राउझरला. कोड चार वेळा वरून खाली वाचला. कोड देखणा होता. अडचण कुठेच दिसत नव्हती. बारा वाजता तो टेस्टरबाईंकडे गेला. टेस्टरबाई म्हणजे इतरांच्या कामातल्या चुका काढणं हेच जिचं काम, अशी पन्नाशीची बाई. तिचा एडिटर कारखान्यातून आला तसाच होता. सोळा वर्षांत तिने त्यातला एक रंग बदललेला नव्हता, आणि या एका गोष्टीसाठी सेटअपराव तिची मनातून कीव करी.

“फाइल पाठव,” ती म्हणाली.

तिने फाइल उघडली. तिच्या पडद्यावर कॉमेंट हिरव्यागार दिसत. ती वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

“हे काय लिहिलंयस?”

“काय?”

ती मोठ्याने वाचू लागली, शाळेत उजळणी घेतात तशी. “‘इथे खरी नोंद जोडायची आहे. आत्ता चाचणीपुरतं नुसतं धन्यवाद. विसरू नये.’ खाली तुझंच नाव आणि दहा दिवसांपूर्वीची तारीख.”

आजूबाजूचे दोघंतिघं मागे वळले.

“तुझ्याकडे ही ओळ नाही?”

“आहे,” तो म्हणाला. “दिसत नाही.”

“का?”

“खुपत होती.”

टेस्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे लोकांनी नावं टाकली, तू धन्यवाद म्हणालास आणि फेकून दिलीस.”

“फेकली नाहीत. घेतलीच नाहीत.”

“हो का? मग उत्तमच.”

त्याने जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन ताईला फोन लावला. ती वर्गात होती. मागून कोणीतरी ‘पा... पा...’ करत होतं आणि पुढचं अक्षर त्याला सापडत नव्हतं.

“ताई, एक जरा टेक्निकल इश्यू झालाय.”

“किती नावं?”

“म्हणजे काय झालं, की मी चाचणीसाठी—”

“छोट्या. आकडा सांग.”

“एकही नाही.”

पलीकडे ते ‘पा... पा...’ चालूच होतं. मग ताई म्हणाली, “बरं. इकडे ये. येताना पेन आण.” ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो.

साडेबाराला ते दोघं वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर फोन घेऊन बसले. वही तीच, आखून मिटून ठेवलेली. पण दुपारची वेळ. बायका नोकरीवर, मुलगे बैठकीत. रुग्णाला स्वतःला फोन उचलून नाव सांगता येत नाही, तेवढ्यासाठीच तर तो या वर्गात येणार होता. जे फोन उचलत ते चिडत.

“अहो, परवा भरलं ना नाव? धन्यवादपण आलं होतं!”

“हो काकू. पुन्हा एकदा सांगाल का?”

“एकदा दिलंय ते जपून नाही ठेवता येत का तुम्हाला?”

सेटअपराव ही बोलणी ऐके आणि लिही. ताईने मधेच वही आपल्याकडे ओढली, कारण त्याचं अक्षर लागत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने हाताने सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्याने लिहिलेली आठ नावं तिने पुन्हा फोन करून स्वतः लिहिली. त्यात वीस मिनिटं गेली.

चार वाजता वहीत तेहेतीस नावं होती.

समितीचे चिटणीस म्हातारे, सरळमार्गी गृहस्थ होते. व्यायामवाल्या बाईने त्यांच्यापुढे शाळेतली एक दुरेघी वही ठेवली. बावन्न नावं, प्रत्येक वेगळ्या हाताचं, कुठे शाईचा डाग, कुठे तेलाचा. चिटणिसांनी ती बोट ठेवून मोजली. मग ताईची मोजली. मग पुन्हा एकदा ताईचीच मोजली, आणि त्या दुसऱ्या मोजणीत त्यांना सात नावं कुठेतरी सापडावीत असं मनापासून वाटत होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

“तुम्ही म्हणाला होतात की पन्नासच्या वर होतील,” ते म्हणाले.

ताईने पेनाला टोपण लावलं. तेव्हा सेटअपराव पुढे झाला. “सर, पेज व्यवस्थित चालत होतं. फक्त सेव्ह होत नव्हतं.”

चिटणिसांनी त्याच्याकडे पाहिलं. “फक्त?”

व्यायामवाली बाई खाली बघत आपल्या वहीचा कोपरा सरळ करू लागली. तिला जिंकल्याची लाज वाटत होती. चिटणीस म्हणाले, “ताई, तुमचं काम मी जाणतो. पण चाळीस म्हणजे चाळीस. त्याच्या खाली आलो तर गरज मोजायचा अधिकार मला उरत नाही.” त्यांनी हॉलची किल्ली दुरेघी वहीवर ठेवली. दोन वर्षांसाठी.

त्या संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. एवढं सगळं सांगताना त्याने स्वतःचा उल्लेख बहुतेक टाळला होता. नोंद ‘राहिली’, कॉमेंट ‘दिसली नाही’, वेळ ‘पुरला नाही’. ती म्हणाली, “त्या माणसांना बोलता येत नाही, म्हणून ती बिचारी ‘मी’ म्हणू शकत नाहीत. तुला काय झालंय?”

एखाद्याला वाटेल, आता तरी माणूस बदलला असेल. तो बदलला. दुसऱ्या दिवसापासून त्याने कॉमेंट दिसू द्यायचं ठरवलं. त्यांना हिरवा रंग द्यायचा. पण टेस्टरबाईंचा तो भडक, बाजारू हिरवा नको. शेवाळी? पिस्ता? जुन्या बाटलीच्या काचेचा? सोमवारपर्यंत त्याने हिरव्याच्या सतरा छटा एकाखाली एक लावून पाहिल्या होत्या.

सोमवारीच ताईचा फोन आला. “उद्या सकाळी आठला ये. खुर्चीला एक माणूस कमी पडतोय.”

“ताई, मी काय म्हणतो, कोणाची पाळी कधी ते ठरवायला आपण एक छोटंसं—”

“आठला,” ती म्हणाली.

तो गेला. खुर्चीत एक आडदांड माणूस होता. बावीस वर्षं बस चालवलेला, आता उजवं अंग लुळं आणि तोंडात एकही शब्द नाही. पुढच्या दोन पायांना त्याचे मुलगे, मागच्या एकाला त्याची बायको, उरलेला पाय सेटअपरावाचा. तळमजल्यावरच्या हॉलमधून व्यायामवर्गाचे आकडे ऐकू येत होते, एक दोन तीन चार, आणि दार मोकळं ठेवलेलं असल्यामुळे आतली लखलखीत, सपाट फरशी दिसत होती.

पहिल्या मजल्यापर्यंत त्याचा दम निघाला. तिथे खुर्ची टेकवली. त्याने घाम पुसला आणि ड्रायव्हरच्या बायकोकडे वळून म्हणाला, “खरं तर तांत्रिकदृष्ट्या ते पान बरोबर होतं. काय असतं, की कॉमेंट असते ना, ती यंत्र वाचतच नाही, त्यामुळे—”

बाई ऐकत नव्हती. ती नवऱ्याच्या मानेखालचा टॉवेल नीट करत होती. ऐकत होता तो खुर्चीतला माणूस. त्याने मान वर करून सेटअपरावाच्या तोंडाकडे नजर लावली होती. पुष्कळ बोलता येणाऱ्या माणसाकडे तो ज्या लक्षाने बघत होता, त्या लक्षाने सेटअपरावाकडे आजवर कोणी बघितलं नसेल. त्याचे ओठ हलले, एक घोगरा आवाज निघाला आणि विरला. सेटअपरावाला वाटलं, याला पटतंय. तो आणखी सविस्तर सांगू लागला.

वरच्या कठड्यावरून ताई वाकली.

“छोट्या, गप्प बस. त्याचा पाय लोंबतोय, तो आधी वर घे.”

त्याने खाली पाहिलं. लुळा पाय पायरीला घासत होता आणि चप्पल कधीच गळून पडली होती. बोलता बोलता तो त्या चपलेवरच उभा होता. तो बाजूला झाला, पाय दोन्ही हातांनी उचलून खुर्चीच्या पुढच्या फळीवर ठेवला. पाय अपेक्षेपेक्षा फार जड होता. मग चौघांनी पुन्हा खुर्ची धरली.